न झालेला समारंभ उत्साहात संपन्न

त्या गावातले सगळे समारंभ सुरू व्हायच्या दोन तास आधीच संपत. यात चमत्कार काही नव्हता. गावच्या दैनिकाचं स्थानिक पान दुपारी चारला मजकूर घेणं बंद करी आणि समारंभ संध्याकाळी सहाला सुरू होत. तेव्हा ज्याला उद्याच्या अंकात आपलं नाव बघायचं असेल त्याने समारंभाची बातमी आधीच, भूतकाळात लिहून, स्वतः नेऊन द्यायची, असा तिथला शिरस्ता होता. प्रमुख पाहुणे घरी अजून दाढी करत असत, आणि इकडे वृत्तपत्राच्या कार्यालयात त्यांनी श्रोत्यांना मंत्रमुग्ध केलेलं असे. या व्यवस्थेबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार निघाली ती काटेसाहेबांमुळे.

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि त्यांनी डोळे बारीक करून ज्याच्या काट्याकडे पाहिलं नाही असा तराजू गावात उरला नव्हता. त्यावरून लोकांनी नाव ठेवलं आणि त्यांनीही ते बढतीसारखं स्वीकारलं. अजूनही भाजीची पिशवी घरात आली की ते ती हातात धरून क्षणभर डोळे मिटत आणि मगच भाजीवाल्याविषयी मत देत. खोट्या मापावर आपण कधी शिक्का मारला नाही, एवढंच काय ते आयुष्यात कमावलं, असं ते म्हणत. आणि त्यांच्या पत्नी त्याला तत्काळ दुजोरा देत.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी वाचनालयाचं चिटणीसपद त्यांच्याकडे आलं. आलं म्हणजे, वार्षिक सभेत ते पाणी प्यायला उठले आणि ते तयार आहेत असं अध्यक्षांना वाटलं. पहिलाच कार्यक्रम होता एका निवृत्त प्राचार्यांच्या व्याख्यानाचा, विषय 'वाचन आणि आपण'. काटेसाहेबांनी बातमी लिहिली, 'आज सायंकाळी व्याख्यान होणार आहे', आणि साडेतीनला ती घेऊन ते वृत्तपत्राच्या कार्यालयात हजर झाले.

स्थानिक पानाचे उपसंपादक किरकोळ अंगाचे होते आणि बोलताना मोजके शब्द वापरत, जणू तोंडातही जागा कमी होती. त्यांनी कागदावर एक नजर टाकली.

"होणार आहे, हे निवेदन. झालं, ही बातमी. निवेदन खाली जातं, मुंगीच्या अक्षरात."

"पण झालेलं नाही अजून."

"वाचक कधी वाचणार?"

"उद्या सकाळी."

"तेव्हा झालेलं असेल ना? मग."

काटेसाहेबांनी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. आधीच्या चिटणिसांनी एकोणीस वर्षं असंच केलं आणि एकदाही समारंभ बातमीला सोडून वागला नाही, असं अध्यक्ष म्हणाले. तेव्हा काटेसाहेब टेबलाच्या कोपऱ्यावर बसले आणि त्यांनी भूतकाळ लिहायला घेतला. श्रोत्यांची संख्या लिहायला जागा सोडली, तर उपसंपादक म्हणाले, संख्या नको, 'बहुसंख्य' लिहा. बहुसंख्य म्हणजे किती, असं काटेसाहेबांनी विचारलं. खुर्च्या दिसणार नाहीत इतके, असं उत्तर मिळालं. ज्यावर आकडाच नाही अशा मापावर शिक्का मारायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. पण घड्याळात पावणेचार झाले होते.

राहता राहिलं भाषण. प्राचार्यांना सकाळीच विचारलं होतं, काय बोलणार म्हणून. उभं राहिलं की सुचतं, असं ते म्हणाले होते. तेव्हा चार वाक्यं काटेसाहेबांनाच सुचणं भाग होतं. त्यातली तीन कोणीही, कुठेही, कशावरही बोलताना म्हणतो तशी होती. पण चौथं मात्र अचानक, कुठूनसं उतरलं: 'वाचनाने माणूस आतून रुंद होतो.' काटेसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते पुन्हा एकदा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांनी 'तपासले, बरोबर आढळले' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. लाडकं मूल शिकायला परक्याच्या घरी ठेवावं तशा मनाने त्यांनी ते वाक्य प्राचार्यांच्या तोंडी घातलं, शेवटी 'आभार अध्यक्षांनी मानले' असं लिहिलं आणि खाली सही केली.

साडेपाचला सभागृहात काटेसाहेब, ग्रंथपाल आणि एक पुष्पगुच्छ एवढेच हजर असताना प्राचार्यांच्या पत्नीचा फोन आला. दुपारी प्राचार्यांची दाढ काढली होती. मूळ अर्धवट तुटलं, दंतवैद्यांना चाळीस मिनिटं झगडावं लागलं, आणि आता गाल असा सुजला होता की तोंडात चमचाही जात नव्हता, मग शब्द बाहेर कुठून येणार. "ते कागदावर लिहून दाखवतायत," बाई म्हणाल्या, "की क्षमस्व."

दारावर 'कार्यक्रम रद्द' असा कागद चिकटवून काटेसाहेबांनी वृत्तपत्राला फोन लावला. सहाव्यांदा लागला. पान छपाईला सुटलं, असं पलीकडून सांगण्यात आलं. सुटलेलं पान आणि सुटलेला बाण या दोन्हींच्या मागे धावण्यात अर्थ नसतो, हे त्यांना नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन रकान्यांवर ठळक अक्षरात 'वाचनाने माणूस आतून रुंद होतो – प्राचार्य' असं उभं होतं. समारंभ उत्साहात संपन्न झाला होता. प्राचार्य ओघवत्या भाषेत सव्वा तास बोलले होते. हा सव्वा तास उपसंपादकांनी पदरचा घातला होता. शिवाय छायाचित्रही होतं: पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणारे काटेसाहेब, अंगात निळा स्वेटर. ते मागच्या वर्षीच्या, खात्यातल्या कुठल्याशा कार्यक्रमाचं होतं आणि त्यातल्या पाहुण्यांचा चेहरा पुष्पगुच्छाने सोयीस्करपणे झाकला होता.

"हा स्वेटर तर आपण माझ्या भावाला देऊन टाकला," पत्नी म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बातमीत खोट सापडली ती फक्त त्यांना.

काटेसाहेब तोंड लपवत जिन्याने उतरले. त्यांना वाटलं होतं, आता गावात छी-थू होणार. जिन्यातच समोरच्या घरातले बँकवाले भेटले आणि त्यांनी हात हातात घेतला. काल फार छान झालं, म्हणाले, फक्त शेवट जरा लांबला.

काटेसाहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठे बसला होतात?"

"मागे."

"मागे खुर्च्याच नव्हत्या मांडल्या."

"म्हणून तर उभा होतो," बँकवाले म्हणाले, आणि घराच्या दाराकडे हळूच बघून आवाज खाली आणत पुढे म्हणाले, "आणि साहेब, घरी कुणी विचारलं तर मी आठपर्यंत होतो."

दुपारपर्यंत अशी नऊ माणसं भेटली. कुणाला भाषण आवडलं होतं, कुणाला ध्वनिक्षेपक नीट ऐकू आला नव्हता. दारावरचा 'कार्यक्रम रद्द' कागद एकाच्याही नजरेला पडला नव्हता, कारण दारापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं. आतून रुंद. काय बोलून गेले प्राचार्य!

इथे काटेसाहेबांना दोन जखमा झाल्या. पहिली, आपली सही खोट्या मापाखाली आहे, ही. दुसरी कुठली, हे ते स्वतःशीही नीट बोलले नाहीत. पण 'प्राचार्य' हा शब्द ऐकला की ती ठसठसे.

पत्नीचं मत वेगळं पडलं. "इतक्या वर्षांत मी एवढे कार्यक्रम बघितले. ज्यात काहीच बिघडलं नाही असा हा पहिला. राहू द्या की."

पण राहू देतील तर ते काटेसाहेब कसले. खुलासा छापून आणायचाच, असं ठरवून ते पुन्हा कार्यालयात गेले. उपसंपादकांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात 'आपली बदनामी झाली आहे काय?' असा रकाना होता. झाली नव्हती. 'आपल्या विधानाचा विपर्यास झाला आहे काय?' विधान झालंच नव्हतं, तर त्याचा विपर्यास होणार कसा. 'चुकीची माहिती कोणी पुरवली?' इथे काटेसाहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं. उपसंपादकांनी त्या दिवशी प्रथमच मान वर केली.

"एकूण, चांगलं छापलंय ही तक्रार."

"खोटं छापलंय."

"पुरावा आणा. कार्यक्रम झाला याचा आमच्याकडे आहे. तुमच्या सहीचा."

असा त्यांचा, न घडलेल्या गोष्टीच्या पुराव्यासाठी गावभर फिरण्याचा उद्योग सुरू झाला. घडलेल्या गोष्टीचा पुरावा मिळवणं किती कठीण, हे खात्यातल्या माणसाला माहीत असतं. न घडलेल्या गोष्टीच्या मानाने ते पोरखेळ आहे.

प्राचार्य अजून बोलू शकत नव्हते. गालाला पट्टी बांधून ते आरामखुर्चीत बसले होते आणि मांडीवर वही होती. काटेसाहेबांनी सगळं सविस्तर सांगितलं. प्राचार्यांनी वहीत लिहिलं: 'बातमी अचूक आहे. माझे मुद्दे नेमके टिपलेत.'

"पण आपण बोलला नाहीत, सर."

प्राचार्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: 'बोललो असतो तर हेच बोललो असतो.' मग पान उलटून, अभिमानाने, आणखी एक ओळ लिहिली. परगावच्या दोन संस्थांची निमंत्रणं आली होती. दोघांनाही 'आतून रुंद' यावरच ऐकायचं होतं.

तिथून ते दंतवैद्यांकडे गेले. या रुग्णाला त्या संध्याकाळी तोंड उघडणं अशक्य होतं, एवढं दोन ओळींत लिहून द्या, असं त्यांनी विनवलं. दंतवैद्यांनी हातातलं उपकरण बाजूला ठेवलं. दाढ काढल्यावर माणसाची वाचा जाते असं आपल्या सहीनिशी छापून आलं, तर उद्या आपल्या खुर्चीत कोण बसेल, असा त्यांचा रास्त सवाल होता. उलट या बातमीने त्यांचा फायदाच झाला होता: तीनला दाढ काढली आणि सहाला सव्वा तास भाषण! दोघे तिघे तेवढ्यावर विश्वासून आले होते. जाता जाता त्यांनी काटेसाहेबांच्या खालच्या डाव्या दातांविषयी चिंता व्यक्त केली.

अध्यक्ष तर चक्क घाबरले. अनुदानाच्या तपासणीला वर्षात पाच कार्यक्रम दाखवावे लागत आणि हा पाचवा होता. पण तो झाला नाही, असं काटेसाहेबांनी म्हणताच अध्यक्षांनी त्यांना लहान मुलासारखं जवळ बसवून घेतलं.

"काटेसाहेब, कात्रण आहे म्हणजे कार्यक्रम आहे. मागल्या वर्षी एक कार्यक्रम खरोखर झाला होता. माणसं आली होती, सगळं. कात्रण नव्हतं. तपासनिसांनी तो धरला नाही."

आणि एवढ्यावर भागलं नाही. आठवड्याने वाचकांच्या पत्रव्यवहारात 'एक श्रोता' या सहीने पत्र आलं. मी सदर व्याख्यानास आरंभापासून अखेरपर्यंत उपस्थित होतो, असं लिहून श्रोत्याने 'आतून रुंद' या कल्पनेचा समाचार घेतला होता. माणूस वाचनाने खोल होतो, रुंद नव्हे. वक्त्याला दिशांचं भान नाही, वगैरे. काटेसाहेबांचं रक्त उसळलं. त्यांनी त्याच बैठकीत दोन कागद लिहिले. एकात, कार्यक्रम झालाच नाही असं तळमळून कळवलं होतं. दुसऱ्यात, श्रोत्याने भाषण लक्षपूर्वक ऐकलेलं दिसत नाही; वक्त्याला रुंदीतून सहानुभूती अभिप्रेत होती, असं चार मुद्द्यांत दाखवून दिलं होतं.

पत्नीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले. "एकात म्हणताय झालं नाही. दुसऱ्यात म्हणताय नीट ऐकलं नाही. अहो, टपाल एकाच दिवशी टाकू नका."

दुसरा कागद त्यांनी फाडला. फाडताना त्यांना झालेलं दुःख मात्र खरं, तपासून घ्यावं असं होतं. पहिला कागद अर्जाला जोडून ते स्वतः देऊन आले. उपसंपादक म्हणाले, आता तर प्रतिक्रियाही आली. आणि त्यांनी तो 'विचाराधीन' असं लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकला. ट्रेच्या तळाशी कुठल्या सालातले कागद होते, ते दिसत नव्हतं.

परतीच्या वाटेवर काटेसाहेबांना तोडगा सुचला, आणि तो त्यांच्या खात्यातलाच होता. तराजू खोटा दाखवत असेल तर दोन उपाय असतात. तराजू मोडायचा, नाहीतर तो खरा होईपर्यंत पारड्यात भर घालायची. बातमी मोडता येत नव्हती. मग समारंभच करायचा! अगदी छापल्याबरहुकूम. तारीख तेवढी चुकली असती; पण तारखेपुरतं माप तीन आठवडे हलकं भरणं त्यांनी जड मनाने मान्य केलं.

दोन आठवड्यांनी, गाल उतरलेल्या प्राचार्यांना घेऊन, तेच सभागृह, तेच सहा. काटेसाहेबांनी कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि हातात लाल पेन्सिल घेतली. पुष्पगुच्छ छायाचित्रातल्या आकाराचाच बनवून घेतला. निळ्या स्वेटरसाठी ते मेहुण्याकडे गेले. दिलेली वस्तू परत मागायला आलेल्या जावयाला मेहुणे, बहिणीच्या काळजीने, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारते झाले. स्वेटर मिळाला. त्या दिवशी उकाडा असा होता की कुत्री सावली सोडत नव्हती.

अडचण आली ती बहुसंख्येची. ज्याला ज्याला बोलावलं तो म्हणे, मी येऊन गेलोय. बँकवाल्यांनी तर, एकच भाषण दोनदा ऐकवून आम्हाला शिक्षा कसली करता, असं विचारलं. शेवटी आम्ही मागच्या वेळी आलो नव्हतो असं कबूल करणारी प्रामाणिक माणसं गावात अकरा निघाली, तीच आली. काटेसाहेबांनी ग्रंथपालाकडून जास्तीच्या खुर्च्या उचलवून अकराच ठेवल्या. खुर्च्या दिसेनाशा झाल्या. 'बहुसंख्य' या शब्दावर त्यांनी लाल खूण केली.

प्राचार्य उभे राहिले आणि त्यांना सुचलं नाही. "मागच्या व्याख्यानात मी जे म्हटलं," ते म्हणाले, "त्याची पुनरुक्ती करत नाही." आणि अठराव्या मिनिटाला बसू लागले. घामाने चिंब झालेल्या काटेसाहेबांनी पुढून चिठ्ठी पाठवली: 'अजून सत्तावन्न मिनिटे.' प्राचार्यांनी दाढेची हकिकत सांगितली, मग दंतवैद्यांची, मग दात नसलेल्या आपल्या आजोबांची. एकाहत्तराव्या मिनिटाला ते म्हणाले, "आणि म्हणूनच मी नेहमी म्हणतो, की वाचनाने माणूस आतून रुंद होतो. हे माझं वाक्य आता सर्वांचं झालं आहे." अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. काटेसाहेबांनीही वाजवल्या, एका हातात पेन्सिल असल्यामुळे जरा कमी आवाजाच्या. पाच मिनिटांनी प्राचार्य बसले. सव्वा तासावर एक मिनिट झुकतं माप पडलं होतं, ते त्यांनी चालवून घेतलं. हाताला धरून आणलेल्या अध्यक्षांनी आभार मानले, आणि शेवटची लाल खूण झाली.

त्या संध्याकाळी काटेसाहेब स्वेटर पिळत घरी आले आणि तीन आठवड्यांत प्रथमच दोनदा वाढून घेऊन जेवले. आता बातमी खरी होती. आपल्या सहीखाली जे होतं ते तपासलं होतं, बरोबर आढळलं होतं.

सकाळी पत्नीने वर्तमानपत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आदल्या दिवशी ऐन वेळी एक जाहिरात गळाली होती. चार बोटं जागा रिकामी पडली, ती भरायला उपसंपादकांनी ट्रेमध्ये हात घातला, आणि हाताला पहिलं लागलं ते सत्य. जाड चौकटीत छापलं होतं: 'खुलासा. वाचनालयात प्राचार्यांचे व्याख्यान झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. असे कोणतेही व्याख्यान झालेले नाही, असे वाचनालयाचे चिटणीस यांनी लेखी कळविले आहे.'

अर्ज मागे घ्यायचा, हे काटेसाहेब स्वेटरच्या गडबडीत विसरले होते.

पहिला फोन प्राचार्यांचा आला. त्यांचं तोंड आता पूर्ण उघडत होतं. मग काल सव्वा तास मी काय केलं, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी निरनिराळ्या शब्दांत पाऊण तास विचारला. अध्यक्षांनी पाचव्या कार्यक्रमाचं काय, असं विचारून फोन ठेवला. त्या अकरा प्रामाणिक माणसांपैकी एकाने रस्त्यात गाठून, आम्हाला खोटं पाडता काय, असा जाब विचारला. बँकवाल्यांच्या घरातून सकाळपासून भांडी आपटल्याचे आवाज येत होते, आणि बँकवाले जिन्यात खाली मान घालून उभे होते. एकाच सहीने काटेसाहेबांनी प्रथम न झालेलं झालं म्हटलं होतं आणि मग झालेलं झालं नाही. एकतीस वर्षांत इतका खोटा तराजू त्यांनी कधी पकडला नव्हता.

साडेतीनला ते वृत्तपत्राच्या कार्यालयात पोचले. खुलाशाचा खुलासा छापत नाही, असं उपसंपादक म्हणाले.

"मग कालच्या समारंभाची बातमी घ्या. खरोखर झालाय. मिनिटाचा हिशेब आहे माझ्याकडे."

"कालचं शिळं. आज होणारं काही झालं असेल तर द्या. वीस मिनिटं आहेत."

काटेसाहेबांनी कपाटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि त्याच टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर लिहिलं: 'वाचनालयाच्या चिटणिसांनी आज पदाचा राजीनामा दिला. तो अध्यक्षांनी स्वीकारला.' सही केली, कागद दिला, आणि चालत नव्हे, जवळजवळ पळत अध्यक्षांचं घर गाठलं. कारण ही बातमी तरी छापली जायच्या आत खरी करायची होती. अध्यक्ष चष्मा शोधत होते. चष्मा सापडायच्या आत त्यांनी राजीनामा स्वीकारला. चारला पाच कमी. काटेसाहेबांनी वेळ टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी दोन रकान्यांवर बातमी होती: 'चिटणिसांना भावपूर्ण निरोप, समारंभ उत्साहात संपन्न'. बहुसंख्य सभासदांचे डोळे पाणावले होते. सत्काराला उत्तर देताना चिटणीस वीस मिनिटं बोलले होते. निळा स्वेटर होताच.

काटेसाहेबांनी ती बातमी दोनदा वाचली. भाषण वाईट नव्हतं. ते पिशवी घेऊन भाजीला निघाले, तर जिन्यात बँकवाले आडवे आले. त्यांनी पाठीमागे, घराच्या उघड्या दाराकडे, बघितलं आणि आवाज मुद्दाम चढवला.

"काल काय बोललात हो, साहेब. गलबलून आलं. आठपर्यंत हललो नाही जागचा."

दारात बँकवाल्यांची पत्नी उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. एकतीस वर्षं खोट्या मापावर शिक्का न मारलेल्या माणसाकडे बघत होती, आणि तिच्या हातात लाटणं होतं.

काटेसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले, जणू हातात पिशवी भरलेली होती.

"हो," ते म्हणाले. "मागे उभे होतात. मी पाहिलं ना."